गळ्यातली रोमन राणी

मी तापट माणूस. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. खर्ड्याच्या मराठी शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझ्या दोन गोष्टी गावात प्रसिद्ध होत्या: माझी छडी आणि माझी पत्र्याची डबी. छडीचं कारण सगळ्यांना कळायचं. डबीचं कुणालाच कळलं नाही.

खर्डा म्हणजे नगर जिल्ह्याचं पार पूर्वेचं टोक. गावाबाहेर थोडं चाललं की निजामाची हद्द लागायची. माझी तिथं बदली झाली तेव्हा आक्का, म्हणजे माझी नगरला दिलेली थोरली बहीण, म्हणाली, "अरे, तिकडं शिक्षा म्हणून पाठवतात. तू केलंस काय?" मी काही केलं नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांना भर वर्गात एवढंच म्हणालो होतो, की आपला भागाकार चुकला. चुकलाच होता. पण खरं बोलण्याची हौस फार महाग पडते.

गावात किल्ला होता, पेठ होती, आठवड्याचा बाजार होता, आणि माझ्याशी दोन शब्द बोलेल असं कुणी नव्हतं. दोष माझाच असणार. मी चावडीवर बसून पानसुपारी खाणाऱ्यांतला नव्हतो. बाजाराच्या दिवशी शाळा सकाळची असे, आणि मी दुपारभर पेठेतल्या म्हाताऱ्या सोनाराच्या दुकानात जाऊन बसे. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं, चांदीला भाव आला होता, आणि आसपासच्या खेड्यांतल्या बायका मोडकी जोडवी, तुटके वाळे, जुनी नाणी असला सगळा ऐवज गाठोड्यात बांधून मोडीला आणायच्या. हे सगळं मुशीत जायचं. त्याआधी सोनार मला ते चाळू द्यायचा. एखादं नाणं आवडलं तर तेवढ्याच वजनाची चांदी त्याला द्यायची आणि नाणं उचलायचं, असा आमचा रिवाज होता.

एका बाजाराच्या दिवशी त्या मोडीतून एक छोटंसं चांदीचं नाणं निघालं. फारसी अक्षर नाही, बाळबोध नाही, शिवराईसारखी ओळखीची खूण नाही. एका बाजूला एका पुरुषाचं नुसतं मुंडकं. आखूड केस, पोपटाच्या चोचीसारखं नाक.

"ह्यो कोन?" मी त्याच्याच भाषेत विचारलं.

"सायेब आसंल कुनी," सोनार म्हणाला. "टोपी इसरून आलेला."

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी नगरला आक्काकडं गेलो आणि तिथल्या एका वाचनालयात जाड इंग्रजी पुस्तक हुडकून काढलं. त्यात नाण्यांची चित्रं होती. दुसऱ्या दिवशी चोच सापडली. तो रोमचा बादशहा होता. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो! अहो, अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडं पाडलेलं नाणं खर्ड्याच्या बाजारात कुणाच्या तरी तुटक्या जोडव्याबरोबर पडलं होतं. मग वाचत गेलो तसं कळलं, की आमच्याकडून पंचवीसेक कोसांवर असलेलं तेर हे त्या काळी मोठं व्यापाराचं गाव होतं, तिथलं कापड रोमपर्यंत जायचं आणि तिकडून ही नाणी यायची. सुट्टी संपल्यावर हे सगळं मी आमच्या हेडमास्तरांना सांगितलं. त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "बरं. मग आता ह्याचं काय करायचं?"

त्या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. पण त्यानंतर मी शाळेत कुणाला नाणं दाखवलं नाही.

ऐकून घेणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे माझी बायको. पहिली. ती माझ्या नाण्यांवरच्या बादशहांना ‘तुमचे पाव्हणे’ म्हणायची. मी सोनाराकडून परत आलो की दारातच विचारायची, "आज कुणी पाव्हणे आले का? त्यांचं जेवण टाकू का?" आणि तोंडावर हात ठेवून हसायची. मी नाण्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवायचो, खालची अक्षरं हळूहळू कागदावर उमटायची, आणि ती शेजारी बसून शेंगा फोडत म्हणायची, "असं होय!" तिला त्यातलं किती कळत होतं कोण जाणे. माझं तेवढ्यानं भागायचं.

चार वर्षांत सात रोमन नाणी जमली. त्यातली सहा बादशहांची. सातवी बाईची.

ती आली तेव्हा मला दोन दिवस जेवण सुचलं नाही. चांदीची, वजनाला सव्वातीन मासे. एका बाजूनं दिसणारा चेहरा, सरळ नाक, बारीक जिवणी, आणि मानेवर आपल्या बायकांसारखाच घट्ट अंबाडा. भोवती अक्षरं होती, पण इतकी झिजलेली, की तीनच काय ती अंदाजानं लागत. मागच्या बाजूला कुणी तरी उभं होतं, देवी असावी. नगरच्या पुस्तकात अंबाडा घातलेल्या तीन-चार राण्या होत्या. त्यांतली ही कोण? नाव लागत नव्हतं. कधी वाटे ही, कधी वाटे ती. रोज शाळेतून आलो की दारात उजेडाला बसून मी भिंगातून तिचा चेहरा पाहायचो.

"आता माझं काही खरं नाही," बायको म्हणाली. "सवत आणलीत घरात."

पुढं वर्षभरात ती गेली. विषमज्वर. एकवीस दिवस काढले तिनं आणि बाविसाव्या दिवशी नाही उठली. मूलबाळ नव्हतं. आक्का आली, दिवसवार केले, आणि जाताना म्हणाली, "तिचा एखादा फोटो असेल तर दे, मी देव्हाऱ्याशेजारी लावीन."

फोटो नव्हता. दर दिवाळीला नगरला गेलो की ती म्हणायची, कापडबाजारात फोटोवाला आहे, आपण दोघं एकदा बसू या. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. सुट्टीचे दिवस मोजके, वाचनालय सहाला बंद होणार, आणि मला पुस्तकातली चित्रं वहीत उतरवून घ्यायची असत. पाच दिवाळ्या अशा गेल्या. माझ्या वहीत एकशेदहा बादशहांची तोंडं आहेत. तिचं एक नाही. मूर्ख माणूस, दुसरं काय!

ती गेल्यावर घर खायला उठायचं. मी स्वतःच भाकरी थापायचो, अर्धी जळायची, अर्धी कच्ची राहायची. शाळेत छडी जास्त चालायला लागली, हेही कबूल करतो. त्या दिवसांत एकच गोष्ट मला धरून होती: त्या नाण्यावरची बाई कोण, हे शोधून काढायचं. दुसरं मागणं नव्हतं. पुण्यात जुन्या नाण्यांचे जाणकार असे एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना मी पत्र लिहिलं, पेन्सिलीचा छाप पाठवला, आणि टपालवाल्याची वाट पाहू लागलो.

टपाल येण्याआधी आक्का आली. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, तोंड काळंठिक्कर करून उतरली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "मुलगी बघितलीय." सुप्याच्या एका भिक्षुकाची मुलगी. वय बावीस, म्हणजे त्या काळच्या हिशोबानं लग्न रखडलेली. मी नाही म्हणालो. आक्का म्हणाली, "तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून मी होकार कळवूनच आले." आक्कापुढं माझा तापटपणा कधी चालला नाही.

लग्नाआधी पंधरा दिवस आक्का खर्ड्याला राहिली. घर सारवलं, भांडी घासली, माझे कपडे धुतले. त्यातच तिच्या हाताला माझी नाण्यांची डबी लागली.

आता इथं एक रीत सांगायला हवी. बायको गेलेल्या माणसानं दुसरं लग्न केलं, की नवी बायको पहिलीची पुतळी गळ्यात घालते. चांदीचा किंवा सोन्याचा छोटासा टाक, त्यावर बाईचं तोंड. सवतीची पुतळी म्हणतात तिला. रोज तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आलं तर आधी तिला दाखवायचं, जेवायच्या आधी तिला घास दाखवायचा. म्हणजे गेलेलीचा मान राहतो आणि ती नवीच्या संसारात आडवी येत नाही.

आक्कानं डबी उघडली. सहा पुरुष आणि एक बाई. चांदीची, अंबाडा घातलेली. आक्काचा जीव भरून आला. तिला वाटलं, भावानं पहिलीची पुतळी आधीच घडवून ठेवली, बोलला नाही बिचारा. ती नाणं घेऊन सरळ सोनाराकडं गेली आणि वर कडी बसवून आणली. मला काही सांगितलं नाही. म्हणे, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

मला ते कळलं ते थेट सुप्याला, मांडवात. अंतरपाट दूर झाला, माळा घातल्या, आणि माझ्या राणीनं माझ्याकडं पाठ फिरवून सुप्याच्या मुलीच्या गळ्यात लोळण घेतली होती! काळ्या दोऱ्यात ओवलेली, घासून लख्ख केलेली. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण करता काय? समोर भटजी, मागं आक्का, भोवती अक्षता टाकणारं गाव. मूग गिळून गप्प बसलो. कुणी तरी म्हणालंसुद्धा, "पहिलीची आठवण आली बहुतेक."

खर्ड्याला परतल्याबरोबर सोनाराला गाठलं.

"अहो, तुम्ही तरी ओळखायचं! तुमच्याच मोडीतून घेतलं होतं मी ते नाणं."

"वळखलं की," म्हातारा शांतपणे म्हणाला. "म्याच तर दिल्यालं. आक्का म्हनल्या, कडी लावा. डाग दिला, लावली. चिंच लावून, रिठ्याच्या पान्यात उकळून पांढरीफेक केली. लई मळ बसला हुता."

त्या मळाखाली माझी तीन अक्षरं होती.

"आन मास्तर," तो पुढं म्हणाला, "तुमी रोज भिंग लावून बगायचा. मला वाटलं, वैनीवानी दिसती म्हून बगताय."

मी उठून आलो.

आता सरळ मार्ग असा होता, की नव्या बायकोला खरं सांगायचं आणि नाणं परत घ्यायचं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत महिना गेला. घरात आम्ही दोन परकी माणसं. ती मला "पाणी काढलंय" म्हणायची, मी तिला "बरं" म्हणायचो. सकाळी आंघोळ झाली की ती दोरा पुढं ओढून पुतळीला हळद लावायची, कुंकू लावायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलायची. तिला ती ताई म्हणे. रोमच्या राणीच्या कपाळाला कुंकू! मला हसावं की रडावं कळेना. पण एक गोष्ट खरी, की माझ्यापेक्षा ती त्या नाण्याशी जास्त बोलायची.

एका सकाळी तिनं धीर करून विचारलं, "अहो, ताईंचं नाक असंच होतं का?"

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो? मांडवात गिळलेला मूग अजून घशात होता म्हणा, किंवा महिन्याभरात घरात पहिल्यांदा कुणी तरी प्रश्न विचारला होता म्हणून म्हणा. पण त्या ‘हो’नं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ताईंचे केस लांब होते?" मग, "ताई रागावायच्या का?" मग, "तुम्ही त्यांना काय आणायचा बाजारातून?" आणि मी सांगू लागलो. तिच्या डाव्या गालावर तीळ होता. शेंगोळी फार सुरेख करायची, पण पोळी हमखास करपवायची. भीती वाटली की लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. तोंडावर हात ठेवून हसायची, कारण पुढचा एक दात जरा तिरका होता आणि तिला वाटे, तो मला आवडत नाही. मला तर तो तिरका आहे हेच मुळी चौथ्या वर्षी कळलं होतं.

हे मी कुणाजवळही कधी बोललो नव्हतो. आक्काजवळसुद्धा नाही. पहिल्या बायकोविषयी दुसऱ्या बायकोशी बोलायचं, हा काय संसार झाला? पण आमचा तोच होता. तेवढंच आमचं बोलणं होतं. जेवताना ती एखादा प्रश्न काढायची, मी उत्तर द्यायचो, आणि मग दोघं आपापल्या ताटाकडं बघत जेवायचो. दोन वर्षं अशी गेली.

आणि पुण्याहून उत्तर आलं.

त्या गृहस्थांची तब्येत बरी नव्हती, म्हणून उशीर झाला, असं त्यांनी लिहिलं होतं. छाप रंजक आहे. परंतु छापावरून नाणं अस्सल की नक्कल हे सांगता येत नाही, प्रत्यक्ष हातात घेऊन धार बघावी लागते. रजिस्टर टपालानं पाठवावं. तुम्ही म्हणता तशी रोमन राणी निघाली तर आपल्या भागात तिचं नाणं सापडणं ही महत्त्वाची गोष्ट आहे, आणि मी ती तुमच्या नावानिशी छापून आणीन. मी ते पत्र सात-आठ वेळा वाचलं. माझ्या नावानिशी! खर्ड्याच्या मास्तराला जगात कुणी तरी विचारत होतं, आणि त्याला लागणारं नाणं माझ्याच घरात, तीन हातांवर बाजरी निवडत बसलेल्या बाईच्या गळ्यात होतं.

रविवारची दुपार होती. मी म्हणालो, "ती पुतळी दे जरा."

"कशाला?"

"कडी ढिली झालीय."

"नाही झाली. मी रोज बघते."

"बरं, ढिली नाही. पुण्याला पाठवायचीय. दहा-बारा दिवसांत परत येईल."

तिनं सुपातली बाजरी खाली ठेवली. "पुतळी गळ्यात नसली तर मला अन्न चालत नाही. आक्कांनी बजावून सांगितलंय."

"मग काय दहा-बारा दिवस उपाशी राहणार?"

"राहीन की," ती म्हणाली. तक्रार नाही, रुसवा नाही. दळण आणीन की, अशा आवाजात.

तिनं भांडायला हवं होतं. ती भांडली असती तर मी सावरलो असतो. त्या शांतपणानं माझं डोकं भडकलं आणि दोन वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "अगं, ती तुझी सवत नाही! कुणा परदेशी बादशहाची बायको आहे ती. मरून सतराशे-अठराशे वर्षं झाली तिला. बाजारातल्या मोडीत मिळालेलं नाणं आहे माझं. आक्कानं घोळ घातला आणि तू दोन वर्षं त्या गोऱ्या बाईला हळदकुंकू लावत बसलीस!"

बोललो आणि थांबलो. ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं आता रडेल, किंवा निदान विचारेल, की मग इतके दिवस बोलला का नाहीत. तिनं दोन्ही हातांनी दोरा मानेवरून काढला, पुतळी तळहातावर घेतली, नीट पाहिली. आणि म्हणाली, "म्हणजे घास हिला गेला. ताई दोन वर्षं उपाशीच की हो."

एवढंच. मला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं.

तिनं नाणं माझ्या हातात ठेवलं. "हे पाठवा तुमचं पुण्याला," म्हणाली, आणि पायात वहाणा घालून निघाली. ट्रंकेत तिचे चांदीचे वाळे होते, माहेरचे, ते तिनं काढून घेतले होते. कुठं चाललीस म्हणून विचारायची गरज नव्हती. मी मागोमाग गेलो.

नाण्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, म्हणजे विषय मिटेल. ते पुण्याला गेलं आणि महिन्यानं चिठ्ठीसकट परत आलं. ती राणी नव्हती. कुठल्याच रोमन टांकसाळीचं ते नाणं नव्हतं. राणीचं खरं नाणं समोर ठेवून आपल्याच मुलखातल्या कुणा जुन्या सोनारानं पाडलेली ती नक्कल होती. त्याला ती लिपी येत नव्हती, म्हणून अक्षरं म्हणजे अक्षरं नव्हतीच, अक्षरांसारख्या रेघा होत्या. चार वर्षं मी रेघा वाचत होतो! शिवाय वर कडी बसवून आणि घासून नाण्याची वाट लावलेली, तेव्हा छापण्याचा प्रश्न नाही. कळावे, लोभ असावा. मला वाटलं होतं, मी ती चिठ्ठी फाडून टाकीन. नाही फाडली. तोवर माझं त्यातलं लक्षच उडालं होतं, आणि त्याचं कारण त्या रविवारच्या दुपारीच घडून गेलं होतं.

सोनाराच्या दुकानात ती पायरीवर बसली आणि वाळे पुढं ठेवून म्हणाली, "ताईंची पुतळी करायचीय. आजच."

"आन ती पयली?"

"ती ताईंची नव्हती."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं शेगडी फुंकली, वाळ्याचा तुकडा तापवला, ठोकून ठोकून पत्रा केला, गोल कापला. अर्धा-पाऊण तास गेला. मग त्यानं हातात कोरणी घेतली आणि मला विचारलं, "सांगा मास्तर. त्वांड कसं काढू? नाक कसं हुतं?"

मी बोलायला तोंड उघडलं. सरळ, असं म्हणणार होतो, बारीक जिवणी. आणि माझ्या लक्षात आलं, की हे नाक कुणाचं आहे. ही जिवणी कुणाची आहे. मी डोळे मिटले. पहिलीला आठवायचा प्रयत्न केला. दारात उभी असलेली, शेंगा फोडणारी, तापात पडलेली. सगळीकडं लुगडं दिसत होतं, हात दिसत होते, आणि चेहऱ्याच्या जागी ती नाण्यावरची बाई, एका बाजूला वळलेली. सहा वर्षं जिच्याबरोबर जेवलो तिचं नाक मला सांगता येईना. एकशेदहा बादशहा मी झोपेतही ओळखले असते.

"मास्तर?" सोनार म्हणाला.

"डाव्या गालावर तीळ होता," बायको म्हणाली. मी नाही, ती. "गाल भरलेले होते. कपाळ लहान, केस पुढं यायचे म्हणून सारखे मागं सारायच्या. पुढचा एक दात तिरका होता, पण तो काढू नका, त्यांना नाही आवडायचं. डोळ्यांत हसू ठेवा. हसताना तोंडावर हात ठेवायच्या, म्हणजे हसू डोळ्यांतच दिसत असणार."

गाल भरलेले होते? कपाळ लहान होतं? हे मी तिला कधी सांगितलं होतं? सांगितलंच असणार, दोन वर्षांत केव्हा तरी, ताटाकडं बघत. मी सांगून मोकळा झालो होतो आणि तिनं एकेक जपून ठेवलं होतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पेठेतून माणसं जात होती, कुणी तरी रामराम केला, मी केला की नाही आठवत नाही. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि ते गावात मास्तरला शोभलं नसतं.

म्हातारा कोरत राहिला. मधेच ती वाकून म्हणायची, "तीळ जरा वर घ्या." तो वर घ्यायचा. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि तिनं साधं पाणीही मागितलं नाही.

शेवटी त्यानं टाक पाण्यात बुडवला, फडक्यानं पुसला आणि रिवाजाप्रमाणं आधी माझ्या हातात दिला. "बगा. जमलीय का वैनी?"

मी दुकानाच्या बाहेर उजेडात आलो. खिशातलं भिंग काढलं. दोन डोळे, एक नाक, गालावर ठिपका, कपाळावर कुंकवाची खूण. गावोगावच्या देव्हाऱ्यांत असतात तसाच टाक. मी तो जवळ धरला, लांब धरला, तिरपा धरला. सोनार वाट बघत होता. ती वाट बघत होती. मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना.

"तू सांग," मी म्हणालो आणि टाक तिच्याकडं दिला.

तिनं तो दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. एकदा पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला. कधी न पाहिलेल्या बाईला तिनं कपाळाला लावलं आणि मला म्हणाली, "ताईच की! तुम्ही ओळखलं नाहीत होय?"